ध्रुवाजवळ एचएफ रेडिओ अनेक दिवस मुका का होतो, आणि तेथील रडारवर काय परिणाम होतो?

राजारामपुरी_विद्यार्थिनी (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करत आहे आणि हौशी रेडिओचा परवाना नुकताच हाती आला आहे. माझे मामा अंटार्क्टिकावरील भारती केंद्रावर उन्हाळी मोहिमेत संदेशवहनाचे काम करून आले. त्यांनी सांगितलेल्या काही गोष्टी आम्हाला शिकवलेल्या पाठाशी जुळत नाहीत, म्हणून येथे सविस्तर विचारते.

मामा सांगतात की एका सकाळी एचएफ (म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झ, शॉर्टवेव्ह) संचावरील सगळे बँड एकाएकी बंद झाले. जहाज लागेना, इतर देशांची केंद्रे लागेनात, वेळ सांगणारी प्रक्षेपणेही ऐकू येईनात. आधी सर्वांना केबल तुटली असे वाटले. पण केबल, ट्यूनर, अर्थिंग सारे तपासले तरी दोष सापडला नाही. विशेष म्हणजे स्पीकरमधली नेहमीची खरखरही जवळजवळ नाहीशी झाली होती. हातातले व्हीएचएफ (अधिक वारंवारितेचे, जवळच्या बोलण्याचे) संच मात्र उत्तम चालत होते आणि उपग्रह दूरध्वनीही चालू होता. काही दिवस असेच गेले आणि मग बँड आपोआप उघडले.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. परतीच्या प्रवासात, वारा पडलेल्या एका दिवशी, जहाजाच्या रडारवर क्षितिजाच्या पलीकडचे, एरवी दिसूच नयेत असे हिमनग ठळक दिसत होते.

आम्हाला शिकवले आहे की सूर्याच्या अतिनील किरणांमुळे आयनांबर, म्हणजे उंच हवेतला विद्युतभारित पट्टा, तयार होते आणि सौरज्वालेमुळे पडणारा रेडिओ खंड साधारण तासा-दोन तासांत ओसरतो. मग तेथे तो अनेक दिवस कसा टिकला? त्याला तेथील कडाक्याची थंडी कारणीभूत असते का? रडारला लाभ आणि एचएफला तोटा, असे दोन्ही एकाच प्रदेशात कसे होते? आणि कोल्हापुरात बसून यातले काही कधी अनुभवता येते का? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया वेळ काढून लिहावे.

शाहूपुरी_शॉर्टवेव्ह

ताई, खरखर नाहीशी झाल्याचा तपशील मामांनी लक्षात ठेवला हे फार चांगले झाले, कारण सगळे निदान त्यातच आहे. एचएफवर आपण जो गोंगाट ऐकतो त्याचा बराचसा भाग हजारो किलोमीटर दूर कडाडणाऱ्या विजांचा असतो आणि थोडा आकाशगंगेकडून येतो. पहिला आयनांबरावरून परतून आपल्यापर्यंत पोहोचतो, दुसरा आयनांबर भेदून खाली येतो. केबल शाबूत असूनही दोन्ही एकदम मंदावले, तर वरच्या हवेत कोठेतरी रेडिओ लहरी शोषल्या जात आहेत एवढे नक्की होते. जमिनीवरच्या थंडीचा याच्याशी काही संबंध नाही.

हे शोषण आयनांबराच्या सर्वांत खालच्या, म्हणजे सुमारे 60 ते 90 किलोमीटर उंचीच्या डी थरात होते. एचएफ लहरी परततात त्या 200 ते 400 किलोमीटरवरच्या एफ थरातून, पण तेथे जाताना आणि येताना त्यांना डी थर ओलांडावा लागतो. लहर आली की तिच्या विद्युत क्षेत्राबरोबर मोकळे इलेक्ट्रॉन डोलू लागतात. वर एफ थरात हवा इतकी विरळ आहे की इलेक्ट्रॉन न धडकता डोलतो आणि घेतलेली ऊर्जा लहरीला परत देतो. डी थरात हवा त्या मानाने दाट आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मोकळ्या जागी सासनकाठी सुरेख डोलते, आणि तीच गर्दीत शिरली की प्रत्येक झोक्याला कोणाला तरी लागून तिचा जोर मोडतो, तसे डी थरातल्या इलेक्ट्रॉनचे होते. त्याची ऊर्जा धडकेत उष्णता होऊन जाते आणि लहर तेवढी क्षीण होते.

आता हे इलेक्ट्रॉन तेथे आले कोठून? तुमच्या पाठात आहे ती सौरज्वालेची गोष्ट खरीच आहे. ज्वालेतील क्ष-किरण पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूवर पडतात, सूर्य डोक्यावर असेल तेथे सर्वाधिक शोषण होते आणि ज्वाला विझली की ते ओसरते. हा खंड आपल्या कोल्हापुरातही भर दुपारी पडतो. ध्रुवाजवळचे कारण निराळे आहे. मोठ्या सौर उद्रेकात प्रोटॉन प्रचंड वेगाने फेकले जातात. ते विद्युतभारित असल्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवते; आपल्या अक्षांशावर चुंबकीय रेषा जवळजवळ आडव्या असल्याने ते खाली येऊ शकत नाहीत. ध्रुवीय प्रदेशातल्या रेषा मात्र उभ्या असतात आणि बाहेर दूर अवकाशापर्यंत जातात. त्या वाटेने प्रोटॉन थेट वातावरणात उतरतात. 10 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन साधारण 65 किलोमीटर उंचीपर्यंत येऊन थांबतो आणि वाटेत हवेचे आयनीकरण करतो, म्हणजे नेमके डी थरातच. सूर्यापासून निघालेल्या धक्का-लहरी वाटेतही प्रोटॉनांना वेग देत राहतात, त्यामुळे हा वर्षाव दिवसेंदिवस चालू राहू शकतो. याला पोलर कॅप ॲब्सॉर्प्शन, म्हणजे ध्रुवीय टोपीतले शोषण, म्हणतात. मामांनी अनुभवले ते हेच असावे असे मला ठामपणे वाटते.

ते उन्हाळी मोहिमेत होते हेही महत्त्वाचे आहे. अंधारात डी थरातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटतात, आणि चिकटलेला जड ऋण आयन लहरीबरोबर डोलू शकत नाही, म्हणून शोषण बरेच घटते. सूर्यप्रकाश ते इलेक्ट्रॉन पुन्हा सोडवतो. तितकेच प्रोटॉन पडत असले तरी उजेडात शोषण अंधारापेक्षा कित्येक पट अधिक भरते. भारती केंद्रावर ऐन उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्रीची जी उसंत इतर वेळी मिळाली असती ती त्यांना मिळाली नाही.

आणखी एक गोष्ट नकाशा पाहून लक्षात येत नाही. मैत्री आणि भारती ही आपली दोन्ही केंद्रे भौगोलिकदृष्ट्या सुमारे 70 अंश दक्षिणेला आहेत, एकमेकांपासून सरळ अंतराने सुमारे 2300 किलोमीटरवर. पण दक्षिण चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवावर नाही. तो ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या समुद्रात आहे. त्यामुळे भारतीचा चुंबकीय अक्षांश सुमारे 75 अंश भरतो आणि मैत्रीचा सुमारे 63. भारती बहुतेक वेळ ध्रुवीय टोपीत (चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या ज्या भागात रेषा दूर अवकाशात जातात त्यात) किंवा तिच्या काठावर असते, तर मैत्री ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला. मैत्रीकडे प्रोटॉनपेक्षा ऑरोराबरोबर येणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे होणारे शोषण अधिक भेडसावते, आणि ते काही मिनिटे ते काही तास टिकते. दोन्ही केंद्रांवरचे ऑपरेटर एकमेकांशी बोलले, तर 'आमच्याकडे असे होत नाही' असे म्हणतील आणि दोघेही खरे असतील.

इतिहासाची आवड असेल तर सांगतो. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात, 1932-33 मध्ये, एडवर्ड ॲपल्टन नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे उपकरणे घेऊन गेले होते. चुंबकीय वादळाच्या वेळी वर पाठवलेले रेडिओ स्पंद परतच येत नाहीत, हे त्या मोहिमेने नोंदवले. थर नाहीसा झाला की लहर वाटेत शोषली गेली, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. प्रोटॉनमुळे होणारे शोषण वेगळे ओळखले गेले ते फेब्रुवारी 1956 च्या मोठ्या सौर उद्रेकानंतरच्या अभ्यासातून.

कागल_वायरलेस

वरचे विवेचन उत्तम आहे, तरीही थंडीला पूर्ण निर्दोष ठरवू नये असे मला वाटते. हिमवादळात वाऱ्याबरोबर उडणारे बर्फाचे कोरडे कण एकमेकांवर घासून भारित होतात आणि अँटेनावर आदळून आपला भार तिला देतात. त्यातून होणाऱ्या स्थिरविद्युत विसर्जनाने एचएफ ग्राहकात इतका गोंगाट भरतो की क्षीण सिग्नल त्यात बुडून जातो. अँटेनाच्या तारेवर बर्फाचा थर साचला की तिचे ट्यूनिंग सरकते, वजनाने तार तुटतेही. मामांच्या प्रसंगी हे नसेलही, पण ध्रुवीय हवेचा परिणाम म्हणून त्याची नोंद असायला हवी.

शाहूपुरी_शॉर्टवेव्ह

मान्य आहे, आणि त्यामुळेच खरखरीचा तपशील निर्णायक ठरतो. हिमवादळात गोंगाट वाढतो, प्रोटॉनच्या शोषणात तो घटतो. शास्त्रज्ञांचे रायोमीटर नावाचे यंत्र याच तत्त्वावर चालते. साधारण 30 मेगाहर्ट्झवर आकाशगंगेचा गोंगाट ते सतत मोजत राहते; शांत दिवशी असायला हवी त्यापेक्षा पातळी किती डेसिबलने खाली आली, तेच शोषण. मामांच्या कानांनी नकळत रायोमीटरचेच काम केले.

गडहिंग्लज_निवृत्त_नौसैनिक

रडारच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. नौदलात माझी सेवा रडार देखभालीत झाली.

जहाजाचे रडार 3 किंवा 9 गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. या वारंवारितांना डी थर जवळपास पारदर्शक आहे आणि शिवाय जहाजाचे रडार आकाशात पाहतच नाही. त्याच्यावर हुकूम चालतो तो समुद्रालगतच्या काही शे मीटर हवेचा. हवेचा अपवर्तनांक उंचीबरोबर हळूहळू कमी होतो, म्हणून लहर किंचित खाली वाकते आणि रडारला डोळ्यांपेक्षा थोडे पुढचे दिसते. अपवर्तनाचे जे एकक वापरतात त्यात ही घट सामान्यतः दर किलोमीटरला 40 च्या आसपास असते. ती 157 च्या वर गेली की लहर पृथ्वीच्या वक्रतेपेक्षाही अधिक वाकते आणि जमिनीलगत कोंडली जाते. याला आम्ही डक्ट म्हणतो. डक्टमध्ये लहर फारशी न पसरता क्षितिजापार जाते आणि तशीच परत येते.

ध्रुवाजवळ डक्ट तयार होण्याची रीत आपल्यापेक्षा निराळी आहे आणि मला ती फार शिकण्यासारखी वाटते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर डक्ट मुख्यतः बाष्पामुळे होतो. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत समुद्रालगत दमट हवा आणि तिच्यावर जमिनीकडून आलेली कोरडी हवा, असे थर पडतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या 200 मेगाहर्ट्झच्या रडारवर थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसल्याची नोंद आहे, ती अशाच डक्टमुळे. अंटार्क्टिकावर बाष्प जवळजवळ नसतेच. उणे 30 अंशाच्या हवेत बाष्पाचा अपवर्तनातील वाटा जेमतेम 2-3 एकके असतो, तर आपल्या जूनच्या हवेत तो 100 च्या वर जातो. तेथे सगळे काम तापमानच करते. बर्फाचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकत राहतो, त्याला लगटून असलेली हवा थंडगार होते आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. खालची हवा थंड म्हणून दाट, वरची उबदार म्हणून विरळ.

आकडे मांडून पाहा. जमिनीवर उणे 30 अंश आणि 1013 हेक्टोपास्कल, तर कोरड्या हवेचा वाटा 77.6 गुणिले 1013 भागिले 243, म्हणजे सुमारे 323. फक्त 100 मीटर वर तापमान उणे 20 आणि दाब 999 धरला, तर तोच वाटा सुमारे 306 होतो. 100 मीटरमध्ये 17, म्हणजे किलोमीटरला सुमारे 170. एवढ्या 10 अंशांच्या फरकानेच डक्टची मर्यादा ओलांडली. अंटार्क्टिकाच्या पठारावर हिवाळ्यात हा फरक 20 अंशांच्याही वर जातो. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ तो इतका तीव्र नसतो, पण बर्फाळ समुद्रावर किंचित उबदार हवा सरकली आणि वारा पडलेला असला, म्हणजे थर ढवळले गेले नाहीत, तर मामांनी पाहिले तसे हिमनग सहज दिसतात.

मात्र याला निव्वळ लाभ समजू नका. रडार दोन स्पंदांच्या मधल्या वेळात प्रतिध्वनी परत येईल असे धरून अंतर काढते. सेकंदाला 1000 स्पंद पाठवणाऱ्या रडारची ही मर्यादा 150 किलोमीटर असते. डक्टमधून 170 किलोमीटरवरच्या डोंगराचा प्रतिध्वनी आला, तर तो पुढच्या स्पंदाचा समजून 20 किलोमीटरवर दाखवला जातो. तेथे पाणी मोकळे असते आणि पडद्यावर कडा दिसतो. शिवाय डक्टच्या वर उडणारे विमान, जे एरवी दिसले असते, ते दिसेनासे होऊ शकते. म्हणून थंड, निवांत हवेत रडार फार लांबचे दाखवू लागले की दाखवलेल्या अंतरावर विश्वास ठेवण्यापूर्वी स्पंदांचा दर बदलून पाहायचा असतो. खरे लक्ष्य जागेवर राहते, खोटे सरकते.

बर्फाबद्दलही एक सावधगिरी सांगतो. कोरडा, थंड बर्फ रेडिओ लहरींना बराच पारदर्शक असतो. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या अमोरी वेट यांनी दाखवून दिले की 440 मेगाहर्ट्झचे विमानातील रेडिओ उंचीमापक बर्फाच्या पृष्ठभागाऐवजी खालच्या खडकाचा प्रतिध्वनी पकडू शकते, म्हणजे वैमानिकाला आहे त्यापेक्षा अधिक उंची दाखवू शकते. वैमानिकासाठी हा जिवाशी गाठ घालणारा दोष होता. पण बर्फाची जाडी मोजणारी रडार पुढे याच गुणधर्मावर उभी राहिली.

पदार्थविज्ञान_महाद्वार_रोड

वरच्या लेखनाने जहाजाच्या रडारचा प्रश्न सुटला आहे. वर आकाशात पाहणाऱ्या रडारांविषयी थोडी भर घालतो, कारण तेथे ध्रुवीय आयनांबर अडथळाही आहे आणि अभ्यासाचा विषयही.

ऑरोराच्या पट्ट्यात सुमारे 100 ते 110 किलोमीटर उंचीवर जोरदार विद्युत प्रवाह वाहतात. इलेक्ट्रॉन आयनांच्या तुलनेत ध्वनीच्या वेगापेक्षा जलद सरकू लागले की प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन आणि आयन यांचे मिश्रण) अस्थिर होतो आणि त्यात चुंबकीय रेषांना समांतर, लांबट अशा घनतेच्या लाटा उठतात. रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्या अंतरावर अशा लाटा असल्या की त्या भिंतीसारखा प्रतिध्वनी देतात. 50 मेगाहर्ट्झसाठी हे अंतर 3 मीटर आहे. उत्तरेकडे विमाने किंवा क्षेपणास्त्रे शोधणाऱ्या रडारला, विशेषतः क्षितिजापार पाहणाऱ्या एचएफ रडारला, हा प्रतिध्वनी म्हणजे केरकचरा असतो, आणि तो हलता असल्यामुळे डॉप्लर गाळणीने (स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी गाळणाऱ्या पद्धतीने) सहज वगळताही येत नाही. युरोपातले हौशी रेडिओवाले मात्र ऑरोरा पेटला की 144 मेगाहर्ट्झच्या एकाच दिशेला रोखता येणाऱ्या अँटेना उत्तरेकडे वळवतात आणि त्याच लाटांवरून परतणाऱ्या सिग्नलवर बोलतात. आवाज इतका घोगरा होतो की बोलणे कळत नाही, म्हणून मोर्सचा वापर करतात.

सुपरडार्न हे आंतरराष्ट्रीय जाळे याच प्रतिध्वनींचा उपयोग करते. साधारण 8 ते 20 मेगाहर्ट्झची 30 हून अधिक रडार दोन्ही ध्रुवीय प्रदेशांकडे रोखलेली आहेत आणि प्लाझ्मा कोणत्या दिशेने किती वेगाने वाहतो आहे हे मोजतात. मात्र प्रोटॉनचा वर्षाव सुरू झाला की मामांच्या संचासारखे त्यांचेही प्रतिध्वनी नाहीसे होतात, कारण तेही एचएफच आहे.

आता थंडीबद्दल. ताईंच्या शंकेला एका ठिकाणी होकार द्यावा लागतो. ध्रुवीय उन्हाळ्यात 85 किलोमीटरच्या आसपास तापमान उणे 130 अंशांच्याही खाली जाते. ऐन उन्हाळ्यात तो पृथ्वीच्या वातावरणातील सर्वांत थंड भाग असतो. तेथील नाममात्र बाष्प गोठून अतिसूक्ष्म हिमकण तयार होतात, ते इलेक्ट्रॉन पकडून भारित होतात, आणि त्यांच्यामुळे 50 मेगाहर्ट्झच्या रडारवर अनपेक्षितरीत्या प्रबळ प्रतिध्वनी उमटतात. अलास्कातील पोकर फ्लॅट येथील रडारवर त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. जमिनीवर हिवाळा असताना ते नसतात आणि उन्हाळ्यात दिसतात.

लष्करी इतिहासातील एक घटना येथे सांगणे आवश्यक वाटते. 23 मे 1967 रोजी ग्रीनलंडमधील थुले, अलास्कातील क्लिअर आणि इंग्लंडमधील फायलिंगडेल्स येथील, क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारी अमेरिकेची तिन्ही रडार एकाच वेळी निकामी झाल्यासारखी झाली. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत सोव्हिएत संघाने मुद्दाम गोंगाट पाठवून ती आंधळी केली असावीत, अशी शंका घेतली गेली. प्रत्यक्षात सूर्यावरील प्रचंड उद्रेकातून निघालेला रेडिओ गोंगाट थेट त्यांच्या अँटेनांत शिरत होता. अवकाश हवामानाचा अंदाज देणाऱ्यांनी ते वेळेवर सांगितले म्हणून प्रसंग पुढे वाढला नाही. येथे वातावरणाने काही केले नव्हते; परंतु ध्रुवाकडे तोंड करून उभ्या असलेल्या रडारवर सूर्याची नजर किती प्रकारे पडते, याचे इतके गंभीर उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

आणि आपल्या कोल्हापूरकरांसाठी: शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे 1.98 मेगाहर्ट्झचे रडार आहे. सुमारे 80 ते 98 किलोमीटर उंचीवरचे वारे मोजण्यासाठी ते उभारले गेले, म्हणजे ज्या पट्ट्याविषयी आपण बोलत आहोत त्याच पट्ट्यात ते पाहते. ताई, परवानगी काढून ते अवश्य पाहा.

राजारामपुरी_विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. मामांना हे सगळे वाचून दाखवले. वारंवारिता वाढवत नेली असती तर एखादा बँड मिळाला असता का, असे त्यांनी विचारले आहे. आणि कोल्हापुरातून अनुभवण्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

शाहूपुरी_शॉर्टवेव्ह

मामांचा प्रश्न अगदी मर्मावर आहे. डी थरातील शोषण ढोबळमानाने वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. रायोमीटर 30 मेगाहर्ट्झवर 1 डेसिबल दाखवत असेल तर 10 मेगाहर्ट्झवर ते 9 डेसिबल होते आणि 5 मेगाहर्ट्झवर 36. छत्तीस डेसिबल म्हणजे 100 वॉटचे 25 मिलिवॉट; आणि हे सरळ उभ्या वाटेने एकदाच थर ओलांडल्याचे झाले, तिरकस वाटेने दोनदा ओलांडताना परिस्थिती याहून कठीण असते. मोठ्या घटनेत रायोमीटरच 10 डेसिबलच्या वर जाऊ शकतो. म्हणून वर सरकणे तत्त्वतः बरोबर. पण वरच्या बाजूने दुसरी मर्यादा येते: एफ थर विशिष्ट वारंवारितेपर्यंतच लहर परतवतो आणि ध्रुवाजवळ ती मर्यादा मुळातच कमी असते. शोषणाची खालची मर्यादा वर चढून एफ थराच्या मर्यादेला भिडली की मधली फटच बंद होते. तेव्हा कोणताही बँड बदला, उपयोग नाही. छोट्या घटनेत मात्र 14 किंवा 18 मेगाहर्ट्झवर, आणि तेही विषुववृत्ताच्या दिशेने, प्रयत्न करून पाहण्यात अर्थ असतो, कारण त्या दिशेला लहर दुसऱ्या उडीपर्यंत (एकदा जमिनीवर येऊन पुन्हा वर जाईपर्यंत) शोषणाच्या प्रदेशाबाहेर पडलेली असते.

उपग्रह दूरध्वनी चालला याचे कारण तो 1.6 गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. तेथे हे शोषण नगण्य आहे. पण उपग्रह हा सगळ्यावरचा उपाय नव्हे. विषुववृत्तावर 36,000 किलोमीटरवर असलेला भूस्थिर उपग्रह भारती केंद्रावरून क्षितिजापासून जास्तीत जास्त 12 अंशांवर दिसतो आणि 81 अंश अक्षांशाच्या पुढे दिसतच नाही. उत्तर ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांसाठी एचएफ म्हणूनच इतकी वर्षे महत्त्वाचे राहिले आणि मोठ्या प्रोटॉन वर्षावात विमान कंपन्या मार्ग दक्षिणेकडे वळवतात. एअर इंडियाने 15 ऑगस्ट 2019 रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला ध्रुवावरून विमान नेले, तेव्हापासून हा आपल्याही वैमानिकांच्या नित्याचा विषय आहे. ध्रुवीय कक्षेत फिरणारे इरिडियमचे उपग्रह ही उणीव भरून काढतात. तरी ऑरोराच्या वेळी प्लाझ्मातील चढउतारांमुळे जीपीएस आणि इतर उपग्रह सिग्नल थरथरतात, ते वेगळेच.

आता कोल्हापूर. प्रोटॉनचे शोषण आपल्या डोक्यावर होणार नाही, पण ते आपल्या संचावर ऐकू येऊ शकते. पृथ्वीचा गोल घेऊन दोरी ताणून पाहा: आपण 74 अंश पूर्व रेखांशावर आहोत, त्याच्या बरोबर विरुद्ध 106 अंश पश्चिम येतो. म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागाकडे जाणारी आपली सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. 14.100 मेगाहर्ट्झवर जगभरातील बीकन, म्हणजे चाचणीसाठी आपोआप चालणारी प्रक्षेपण केंद्रे, आळीपाळीने मोर्समध्ये आपले संकेतनाम पाठवतात, प्रत्येकाला दर तीन मिनिटांत 10 सेकंद मिळतात, आणि पुढे 100 वॉटपासून एक दशांश वॉटपर्यंत चार ठोके येतात. त्यात कॅलिफोर्नियाचा डब्ल्यू-6-डब्ल्यूएक्स आहे आणि श्रीलंकेचा 4-एस-7-बी आहे. कॅलिफोर्निया एरवी ज्या वेळी लागतो ती वेळ आधी शांत दिवसांत नोंदवून ठेवा. बऱ्याचदा तो ध्रुवावरून येताना कापऱ्या आवाजात येतो, तोही ध्रुवीय आयनांबराचाच परिणाम. प्रोटॉनचा इशारा जाहीर झाला की त्याच वेळी पुन्हा ऐका. अमेरिका गेलेली आणि श्रीलंका जशीच्या तशी, असे मिळाले तर शोषण ध्रुवावर आहे. दोन्ही एकदम गेले आणि तासाभरात परतले, तर ती आपल्या बाजूची सौरज्वाला. अमेरिकेच्या एनओएए संस्थेचा डी-रॅप नावाचा शोषणाचा नकाशा उघडा ठेवून तुमच्या नोंदी त्याच्याशी पडताळता येतील.

त्याच सुमारास, मार्च किंवा सप्टेंबरच्या आसपास, सूर्यास्तानंतर आपल्याकडे जीपीएस मोजणी अस्थिर होताना दिसली तर ती ध्रुवाकडून आलेली समजू नका. विषुववृत्ताच्या बाजूने वर चढणारे प्लाझ्माचे बुडबुडे हे तिचे नेहमीचे कारण असते. दोन्हींची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. बीकनच्या नोंदी जमल्या की तारीख, वेळ आणि चारपैकी किती ठोके ऐकू आले एवढे येथे लिहा, मी माझ्याकडच्या नोंदी शेजारी मांडतो.